कचेरीचे काम आणि संगणक : काय शिकावे, कोठे शिकावे, कोणत्या क्रमाने शिकावे?

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतील घराघरांत एकच वाक्य ऐकू येते : "पोराला कॉम्प्युटरला घाला, म्हणजे कुठेतरी ऑफिसात चिकटेल." या वाक्यामागे आईवडिलांची तळमळ आहे, अंगमेहनतीतून मुलांनी बाहेर पडावे ही रास्त इच्छा आहे, पण माहिती मात्र अपुरी आहे. 'कॉम्प्युटरला घालणे' म्हणजे नेमके कशाला घालणे? कोणता अभ्यासक्रम? त्याचे प्रमाणपत्र कोण देते? ते कोठे चालते? आणि मुख्य म्हणजे, ऑफिसात गेल्यावर त्या मुलाने किंवा मुलीने करावयाचे काम तरी कोणते? या प्रश्नांची उत्तरे न शोधता फी भरली जाते, वर्ष जाते, हाती एक रंगीत प्रमाणपत्र येते आणि नोकरी मात्र येत नाही. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला असे एक वर्ष आणि अशी एक फी फार महाग पडते. म्हणून या विषयाची पद्धतशीर माहिती समाजबांधवांसमोर आणि विशेषतः विद्यार्थ्यांसमोर ठेवावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

दोन विद्या, एक नोकरी

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कचेरीच्या नोकरीला दोन वेगवेगळ्या विद्या लागतात. एक कार्यालयीन कामकाजाची आणि दुसरी संगणकाची. पहिली विद्या म्हणजे कागद कसा येतो, कोठे नोंदला जातो, त्यावर टिपणी कशी लिहितात, उत्तर कोणाच्या सहीने जाते आणि तो कागद पुन्हा कसा सापडतो, याचे ज्ञान. दुसरी विद्या म्हणजे हेच काम यंत्राच्या साहाय्याने जलद आणि बिनचूक करण्याचे कौशल्य. आपली मुले दुसरीसाठी पैसे भरतात आणि पहिलीकडे पाठ फिरवितात. मुलाखतीत मात्र प्रश्न पहिलीवर येतो. "स्मरणपत्र आणि ज्ञापन यांत फरक काय?" असे विचारले की संगणकाचे तीन कोर्स केलेला उमेदवार गप्प बसतो.

या प्रशिक्षणाचा आपल्याकडील इतिहासही थोडक्यात पाहावा. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. तांत्रिक प्रशिक्षण हा त्या खात्याच्या कामाचा एक महत्त्वाचा भाग होता, आणि सेवायोजन कार्यालयांची यंत्रणा १९४५ मध्ये याच खात्याखाली उभी राहू लागली. त्यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, आणि १९५३ साली खास वाणिज्य व अर्थशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय सुरू केले. हिशेब, व्यापार आणि कचेरी ही क्षेत्रे आपल्या मुलांना परकी राहू नयेत, हा विचार त्या काळापासूनचा आहे.

टाइपरायटर गेला, काम राहिले

गोदरेज कंपनीने १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला. त्यानंतरची चाळीस वर्षे कचेरीची वाट टंकलेखनाच्या क्लासवरून जात असे. दहावी झाली, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसची परीक्षा दिली, की कारकुनीच्या जागेसाठी अर्ज करता येई. पुढे १९८०-९० च्या सुमारास संगणक आला. त्या काळच्या क्लासमध्ये डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस शिकवीत. आज त्यांतील एकही कोठे वापरात दिसत नाही. टाइपरायटरचे उत्पादन थांबले, राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखनाची परीक्षाही यंत्रावरून संगणकावर आली.

यातून विद्यार्थ्यांनी एक धडा घ्यावा. सॉफ्टवेअरचे नाव दहा वर्षांत बदलते. पण पत्राचा मसुदा करणे, तक्ता मांडणे, हिशेब जुळविणे, नोंद ठेवणे ही कामे बदललेली नाहीत. ज्याने लोटसमध्ये तक्ता मांडण्यामागचे तर्कशास्त्र समजून घेतले होते, त्याला एक्सेल शिकण्यास आठवडा पुरला. ज्याने केवळ कोणते बटण कोठे आहे एवढेच पाठ केले होते, त्याला पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. तेव्हा शिकताना 'हे बटण दाबायचे' एवढ्यावर न थांबता 'हे का करायचे' हे शिक्षकांना विचारावे.

एका कागदाचा प्रवास

कार्यालयीन कामकाज समजण्याचा सोपा मार्ग म्हणजे एका अर्जाचा प्रवास डोळ्यांसमोर आणणे. समजा, नळजोडणीबाबत एका नागरिकाचा अर्ज नगरपालिकेत आला. तो प्रथम आवक विभागात जातो. तेथे त्यावर तारखेचा शिक्का पडतो, आवक क्रमांक मिळतो आणि नोंदवहीत किंवा संगणकात नोंद होते. तेथून तो संबंधित लिपिकाच्या टेबलावर येतो. लिपिक तो आपल्या कार्यविवरण नोंदवहीत उतरवितो, संबंधित संचिका काढतो आणि टिपणी लिहितो. टिपणीत चार गोष्टी असाव्यात : अर्ज कशाबद्दल आहे, पूर्वी काय घडले आहे, नियम काय सांगतो, आणि आता काय करणे योग्य होईल. टिपणी वरिष्ठांकडे जाते, निर्णय होतो, उत्तराचा मसुदा मंजूर होतो, स्वच्छ प्रत निघते, सही होते, जावक क्रमांक पडतो आणि पत्र रवाना होते. शेवटी संचिका अभिलेख कक्षात जाते.

अभिलेखांचेही वर्गीकरण असते. कायम जपावयाचे कागद 'अ' वर्गात, तर अल्पकाळ ठेवून नष्ट करावयाचे कागद 'ड' वर्गात जातात. मधले वर्ग ठरावीक मुदतीचे. महाराष्ट्रात या कामाला शिस्त लावण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न १९८० च्या दशकात अहमदनगर जिल्ह्यात (आताचे अहिल्यानगर) तेव्हाचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी केला. 'लखिना पॅटर्न' या नावाने तो ओळखला जातो. टेबलावरील कागदांचे सहा गठ्ठे करण्याची पद्धत शासकीय कार्यालयांत आजही सांगितली जाते : चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद. हे वाचून कोणी म्हणेल की आता सारे ई-ऑफिसात आहे, गठ्ठ्यांचा काय संबंध? पण संगणकातील फोल्डरही अखेर गठ्ठाच आहे. ज्याच्या डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन', 'फायनल', 'फायनल नवीन' अशा नावांची गर्दी आहे, त्याला साहेबांनी मागितलेले पत्र पाच मिनिटांत सापडणार नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये आला आणि अर्जदाराला सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक झाले. राज्याचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. या दोन्ही कायद्यांमुळे 'कागद सापडत नाही' हे उत्तर देणे कठीण झाले आहे. कागद व्यवस्थित ठेवणारा लिपिक आता कार्यालयाची खरी गरज आहे.

टंकलेखन : जुने म्हणून टाकू नका

हल्लीच्या मुलांची बोटे मोबाइलवर वेगाने चालतात, म्हणून टंकलेखनाच्या क्लासची गरज नाही असे त्यांना वाटते. येथे थोडे गणित करू. टंकलेखनात साधारणपणे पाच कळा म्हणजे एक शब्द धरतात. मिनिटाला चाळीस शब्द म्हणजे दोनशे कळा. तीनशे शब्दांचे एक पत्र या वेगाने साडेसात मिनिटांत होते. दोन बोटांनी शोधत शोधत टंकणाऱ्याचा वेग मिनिटाला बारा शब्दांचा धरला, तर त्याच पत्राला पंचवीस मिनिटे लागतात. दिवसाला अशी दहा पत्रे असली तर पहिल्याला सव्वा तास पुरतो आणि दुसऱ्याचे चार तासांहून अधिक जातात. शिवाय ज्याची नजर कळफलकावर खिळलेली असते त्याचे लक्ष मजकुरावर राहत नाही, आणि चुका तेथेच होतात.

राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी सामान्यतः मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्द प्रतिमिनिट हे प्रमाणपत्र मागतात. केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या डेटा एंट्री ऑपरेटर पदासाठी ताशी ८,००० कळा दाबण्याचा वेग मागितला जातो. म्हणजे मिनिटाला सुमारे १३३ कळा, अर्थात सत्तावीस शब्दांच्या आसपास. हा वेग रोज एक तास सरावाने पाच-सहा महिन्यांत गाठता येतो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे हिची संगणक टंकलेखनाची शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा हा यातील अधिकृत मार्ग आहे. प्रमाणपत्र हाती आले तरी सराव सोडू नये, कारण निवडीच्या वेळी पुन्हा प्रत्यक्ष चाचणी घेतली जाऊ शकते.

मराठी टंकलेखनाबाबत एक खास सूचना. जुन्या काळी प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा असे. एका संगणकावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणा दिसत. याला उपाय म्हणून युनिकोड आले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, म्हणून कोठेही उघडले तरी 'क' हा 'क'च राहतो. त्यासाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक भारतीय मानक म्हणून त्याच वर्षी निश्चित झाला. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे आहेत. 'क'च्या कळेला शिफ्ट दिली की 'ख', 'ग'च्या कळेला दिली की 'घ', 'त'च्या कळेला दिली की 'थ'. वर्णमाला येणाऱ्याला हा कळफलक लवकर बसतो. जुन्या रेमिंग्टन पद्धतीचा ज्यांना सराव आहे त्यांनी तो वापरावा. पण नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्टच शिकावा, असे आमचे मत आहे. तो शिकला की हिंदीसाठी वेगळे शिकावे लागत नाही आणि इतर भारतीय लिप्यांतही अक्षरांच्या जागा जवळजवळ त्याच असतात.

यातील एक बारकावा मुद्दाम सांगतो. 'कर्मचाऱ्यांना', 'अधिकाऱ्यांना' हे शब्द कचेरीत दिवसातून वीस वेळा लागतात. त्यांतील 'ऱ्य' हा 'र्य' नव्हे. 'कार्य'मध्ये रफार येतो, 'अधिकाऱ्या'मध्ये येत नाही. त्यासाठी इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह 'र'ची कळ दाबून 'ऱ' घ्यावा लागतो. ही लहानशी गोष्ट येणारा उमेदवार चाचणीत लगेच नजरेत भरतो.

संगणकाचे कोणते ज्ञान हवे?

कार्यालयासाठी लागणारे संगणकाचे ज्ञान अफाट नाही. पण ते पक्के हवे. आमच्या मते पुढील गोष्टी स्वतःच्या हाताने, कोणाला न विचारता करता आल्या पाहिजेत.

१. पत्र, परिपत्रक आणि इतिवृत्त योग्य समासात, परिच्छेद-क्रमांकांसह तयार करणे. जागा सोडण्यासाठी स्पेसची कळ वीस वेळा दाबणे ही सवय मोडावी आणि टॅब, तक्ता, शैली यांचा वापर शिकावा.

२. मेल मर्ज. दोनशे सभासदांना एकाच मजकुराचे पत्र, पण प्रत्येकावर त्याचे नाव, पत्ता आणि थकीत वर्गणी वेगळी. हे काम हाताने दोन दिवसांचे, मेल मर्जने अर्ध्या तासाचे.

३. तक्ता म्हणजे स्प्रेडशीट. बेरीज, सरासरी, टक्केवारी, 'जर-तर'चे सूत्र, क्रम लावणे, गाळणी लावणे, एका यादीतील माहिती दुसऱ्या यादीतून शोधून आणणे, आणि मोठ्या यादीचा गोषवारा काढणे. यांतील चुकाही ओळखता याव्यात. संख्या मजकूर म्हणून लिहिली गेली तर ती बेरजेत धरली जात नाही. तारीख एकाच पद्धतीने लिहिली नाही तर क्रम लागत नाही. एकाच स्तंभाचा क्रम बदलला आणि शेजारचे स्तंभ तसेच राहिले, तर एकाच्या नावापुढे दुसऱ्याचा पगार येतो. अशा चुकीने एखाद्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती भलत्याच्या खात्यावर जाऊ शकते.

४. ई-मेल व्यवस्थित लिहिणे : विषयाची ओळ, संदर्भ, जोडपत्रे आणि प्रत कोणाला. कागद स्कॅन करणे, पी.डी.एफ. करणे, तिचा आकार कमी करणे, ऑनलाइन अर्ज बिनचूक भरणे.

५. सुरक्षितता. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवू नये. कोणाचाही ओ.टी.पी. विचारू नये, आपला सांगू नये. नागरिकांच्या आधार कार्डाच्या प्रती स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवू नयेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. लोकांची माहिती ही आपल्याकडे विश्वासाने दिलेली ठेव आहे, हे लिपिकाने कायम लक्षात ठेवावे.

खासगी दुकाने, गोदामे, लहान कारखाने यांत जावयाचे असेल तर याच्या जोडीला टॅली आणि वस्तू व सेवा कराची माहिती हवी. हा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि तेव्हापासून हिशेबाचे बरेच काम संगणकावर आले. मात्र जमा-नावे, रोजकीर्द, खतावणी यांचे ज्ञान नसताना टॅली शिकणे म्हणजे पाया न घालता भिंत बांधणे होय.

अभ्यासक्रम कोणता निवडावा?

दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील, म्हणजे आय.टी.आय.मधील, 'कोपा' (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) हा एक वर्षाचा व्यवसाय उत्तम आहे. आय.टी.आय. म्हटले की फिटर आणि वेल्डर एवढेच आपल्याला आठवते. परंतु तेथे कोपा आहे, काही संस्थांत लघुलेखन व सचिवीय सहायकाचा व्यवसायही आहे. कोपामध्ये संगणकाची जोडणी, कार्यालयीन सॉफ्टवेअर, डेटाबेस, नेटवर्क, वेबपृष्ठांची रचना आणि प्रोग्रॅमिंगची ओळख असा अभ्यास असतो. शासकीय संस्थेतील फी खासगी क्लासच्या तुलनेत अल्प असते आणि मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालते. त्यानंतर शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ अन्वये एखाद्या आस्थापनेत विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारी करता येते. महावितरणसारख्या मोठ्या आस्थापना वीजतंत्री व तारतंत्री यांच्याबरोबर कोपाचे शिकाऊ उमेदवारही घेतात. प्रत्यक्ष कचेरीत काढलेले ते दिवस क्लासमधील दोन वर्षांइतके मोलाचे असतात.

अकरावी-बारावीला जाणाऱ्यांनी वाणिज्य शाखेचा विचार करावा. तेथे 'चिटणिसाची कार्यपद्धती' हा विषय आहे. पत्रव्यवहार, सभेची सूचना, कार्यक्रमपत्रिका, इतिवृत्त यांचे शिक्षण त्यात मिळते. विद्यार्थी तो गुण मिळविण्यापुरता पाठ करतात. वास्तविक कार्यालयाची पहिली विद्या त्याच पुस्तकात आहे.

राज्य शासनाच्या अनेक पदांसाठी संगणक अर्हता म्हणून एम.एस.-सी.आय.टी. मागितली जाते. हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला आणि गावोगावी त्याची केंद्रे आहेत. केंद्र शासनाच्या 'नायलिट' संस्थेचा (पूर्वीची डोएक) सी.सी.सी. हा ८० तासांचा अभ्यासक्रम, तसेच त्याच संस्थेची वर्षभराची 'ओ' लेव्हल परीक्षाही आहे. मात्र एम.एस.-सी.आय.टी. किंवा सी.सी.सी. ही अर्हता आहे, ती व्यवसायशिक्षण नव्हे. ती नसेल तर अर्ज बाद होईल. पण केवळ ती आहे म्हणून कोणी नोकरी देणार नाही.

ज्यांना आव्हान पेलायचे आहे त्यांनी लघुलेखनाकडे वळावे. राज्य शासनात लघुटंकलेखकासाठी ८०, निम्नश्रेणी लघुलेखकासाठी १०० आणि उच्चश्रेणी लघुलेखकासाठी १२० शब्द प्रतिमिनिट असा वेग लागतो. ही विद्या कष्टाची आहे, वर्ष-दीड वर्ष नित्य सराव मागते. म्हणूनच तिच्यात स्पर्धा कमी आहे, आणि न्यायालये व मंत्रालयीन विभाग यांना अशा माणसांची गरज असते.

नोकरी करता करता पदवी घ्यावयाची असल्यास नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आहे. आज लिपिकाच्या अनेक जागांसाठी पदवी मागतात, म्हणून कोर्स करून पदवी अर्धवट सोडणे धोक्याचे आहे. क्रम असा असावा : प्रथम टंकलेखन आणि संगणक अर्हता, त्याच वेळी पदवी चालू, आणि त्यानंतर आपल्या आवडीप्रमाणे हिशेब, लघुलेखन किंवा प्रोग्रॅमिंग यांपैकी एक विशेष विषय.

फसू नका

या क्षेत्रात फसवणूकही भरपूर आहे. फलकावर 'शासनमान्य' लिहिले म्हणजे अभ्यासक्रम शासनमान्य होत नाही. संस्था नोंदणीकृत असणे वेगळे आणि तिचे प्रमाणपत्र नोकरीसाठी ग्राह्य असणे वेगळे. नोंदणी तर आपल्या मंडळाचीही असते! फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. परीक्षा कोण घेते? प्रमाणपत्रावर सही कोणाची असते? आणि कोणत्या पदाच्या जाहिरातीत हे प्रमाणपत्र मागितले आहे, ती जाहिरात दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आले नाही तर पैसे खिशात ठेवून घरी यावे.

दुसरा प्रकार 'घरबसल्या डेटा एंट्री'चा. आधी अनामत किंवा नोंदणी फी घेतात, मग अशक्य मुदतीत काम मागतात, आणि शेवटी 'करार मोडला, दंड भरा' म्हणून वकिलाच्या नावाने धमकीचे पत्र पाठवितात. भोळी मुले घाबरून आणखी पैसे भरतात. काम देणारा पगार देतो, मागत नाही, हे साधे सूत्र लक्षात ठेवावे. धमकी आल्यास पैसे न भरता थेट पोलिसांच्या सायबर विभागाकडे, म्हणजे १९३० या मदत क्रमांकावर, तक्रार करावी.

तिसरी सावधगिरी कंत्राटी नोकरीबाबत. आज पुष्कळ कार्यालयांत संगणक चालक ठेकेदारामार्फत घेतात. अशी नोकरी घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही, अनुभवासाठी ती अवश्य घ्यावी. पण नेमणूकपत्र, पगाराची पावती आणि भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक मागून घ्यावा. कागद नसेल तर अनुभवही सिद्ध करता येत नाही. जो दुसऱ्यांचे कागद सांभाळण्याची विद्या शिकला, त्याने स्वतःचे कागद आधी सांभाळावेत! यातच जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्याही अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. परंतु राज्याचा आणि केंद्राचा दाखल्याचा नमुना वेगळा असतो. शेवटच्या दिवशी धावाधाव नको, दोन्ही आधीच काढून ठेवावेत. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी आणि स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याची बार्टी ही संस्था, यांच्या सूचनांवर नजर ठेवावी.

यंत्रच सारे लिहू लागले तर?

अलीकडे एक शंका वारंवार कानी येते. आता यंत्र स्वतः पत्राचा मसुदा करते, बोललेले लिहून घेते, भाषांतर करते. मग कारकुनाची गरज काय? ही शंका रास्त आहे. केवळ समोरचा कागद पाहून टंकणे एवढेच ज्याला येते, त्याचे काम कमी होत जाणार, हे उघड आहे. परंतु यंत्राने केलेल्या मसुद्यातील शासन निर्णयाचा क्रमांक खरा आहे की नाही, अर्जदाराचे नाव बरोबर आहे की नाही, नियम लागू पडतो की नाही, हे माणसालाच पाहावे लागते. यंत्र आत्मविश्वासाने चुकीचे लिहू शकते आणि त्याची जबाबदारी घेत नाही. सही माणसाची असते. म्हणजे पुन्हा आपण पहिल्या विद्येपाशी येतो. ज्याला नियम, भाषा आणि कामकाज कळते, त्याच्या हाती हे यंत्र उत्तम नोकर ठरेल. ज्याला कळत नाही, त्याला ते बुडवील.

शिवाय लिपिकाची जागा ही शेवटची पायरी नाही. सेवेत गेल्यावर विभागीय परीक्षा असतात. त्या वेळेत उत्तीर्ण झालेला लिपिक वरिष्ठ लिपिक आणि पुढे अधिकारी पदापर्यंत जाऊ शकतो. पुष्कळजण नोकरी लागताच पुस्तक मिटतात आणि त्याच खुर्चीवर निवृत्त होतात.

आपल्या संस्थांनी काय करावे?

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रात आपली मुले सापडतात. ते चक्र तोडण्याचे एक साधन आपल्याच हाती आहे. प्रत्येक मंडळाला सभासद नोंदवही, वर्गणीच्या पावत्या, सभेची सूचना, इतिवृत्त, वार्षिक हिशेब, लेखापरीक्षण आणि धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावयाची विवरणे ही कामे असतातच. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालील नोंदणीकृत संस्थांना त्यांतून सुटका नाही. हे काम आज एखाद-दुसरा वयस्क कार्यकर्ता रात्री जागून करतो. त्याच्या हाताखाली दोन विद्यार्थी द्या. एकाने आवक-जावक आणि इतिवृत्त पाहावे, दुसऱ्याने सभासदांची यादी आणि हिशेबाचा तक्ता. सहा महिन्यांनी त्यांच्याजवळ सांगण्यासारखे प्रत्यक्ष काम असेल आणि मंडळाचे दप्तरही नीट होईल. विहाराच्या खोलीत एक जुना पण चालू संगणक आणि रोज संध्याकाळी दोन तास टंकलेखनाचा सराव, एवढ्यावर सुरुवात करता येते. सेवानिवृत्त झालेले आपलेच लिपिक, लेखापाल, अधीक्षक वस्तीत आहेत. त्यांनी आठवड्यातून एक दिवस टिपणी कशी लिहावी हे शिकवावे. त्यांच्याजवळचे ज्ञान कोणत्याही क्लासमध्ये विकत मिळत नाही.

मुलींच्या बाबतीत पालकांना खास विनंती आहे. लग्न ठरेपर्यंत वेळ जावा म्हणून तिला क्लासला पाठवू नका. तिची नोकरी हेच उद्दिष्ट धरून पाठवा. क्लास संपला तरी सराव चालू राहील एवढा घरातला वेळ तिला मोकळा ठेवा. पदवी अर्धवट सोडू देऊ नका.

विद्यार्थी मित्रहो, येत्या आठवड्यात एवढेच करा. आपल्याला हव्या असलेल्या पदाच्या तीन जाहिराती मिळवा आणि त्यांत मागितलेल्या अर्हता एका कागदावर लिहून काढा. जी आहे तिच्यापुढे खूण करा. जी नाही ती मिळविण्याचा मार्ग आणि महिना लिहा. तो कागद एका फाइलला लावा, फाइलवर आपले नाव आणि तारीख घाला. कार्यालयीन कामकाजाचा तुमचा पहिला धडा तेथेच सुरू झालेला असेल.